ठासणीची जुनी बंदूक आणि बुडाचा पेच

कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या कित्येक घरांत माळ्यावर, नाहीतर माजघरातल्या कपाटामागे एखादी ठासणीची बंदूक पडून असते. कुठे ती पणजोबांना पीक राखायला मिळालेल्या परवान्यावरची असते, कुठे संस्थानी चाकरीतून आलेली, तर कुठे ती घरात कधी आणि कशी आली हे सांगणारे माणूसच उरलेले नसते. घराची डागडुजी निघाली की ती खाली येते, तिच्यावरची धूळ पुसली जाते आणि घरातला किंवा शेजारचा हौशी कारागीर सुचवतो की मागचा पेच खोलून नळी आतून साफ करू, आणि पेच गंजला असेल तर लेथवर नवा पाडून बसवू. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि देणाऱ्याच्या हातात कसबही असते. तरीही या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: घरातल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीचा बुडाचा पेच खोलू नये, आणि नवा करून बसवण्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. त्याची कारणे धातूत आहेत, दाबाच्या हिशेबात आहेत आणि कायद्यातही आहेत. शिवाय पेच न खोलता त्या वस्तूची चांगली निगा राखता येते.

ठासणीच्या बंदुकीची नळी दोन्ही तोंडांनी उघडी घडवली जाते, कारण तिचे पोट आरपार कोरून सरळ आणि गुळगुळीत करावे लागते. मग एक टोक कायमचे बंद करायचे. ते बंद करणारा जाड, आटे पाडलेला लोखंडी तुकडा म्हणजे बुडाचा पेच; कारखान्यांच्या भाषेत ब्रीच प्लग. दारू आणि गोळी पुढून गजाने ठासली जाते, बत्ती किंवा ठिणगी पेचाच्या लगेच पुढे असलेल्या कानातून आत शिरते आणि पेटलेल्या दारूचा पहिला धक्का या पेचावर बसतो. बंदुकीचा हा भाग बाहेरून जवळजवळ दिसत नाही आणि करायला सर्वांत अवघड तोच. जपानचा इतिहास याची साक्ष देतो. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले, तेव्हा तिथल्या तरुण सरदाराने, तोकिताकाने, त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपला लोहार याइता किन्बेई याला तशाच घडवायला सांगितल्या. तलवारीचे पोलाद हाताळणाऱ्या त्या देशाच्या लोहाराला नळी जमली, पण तिचे बूड बंद करणे जमेना. पुढच्या वर्षी जहाजातून आलेल्या एका परदेशी लोहाराकडून ती विद्या मिळाली तेव्हा कुठे बंदूक पुरी झाली. १६०६ साली लिहिलेल्या ‘तेप्पोकी’ या वृत्तांतात ही हकीकत आहे. बाहेरचे आटे कानशीने घासून काढता येतात. नळीच्या आत, खोलवर, त्याला नेमके जुळणारे आटे पाडणे हे वेगळेच काम आहे.

हिंदुस्थानातल्या कारागिरांनी या प्रश्नाची एकच नव्हे, अनेक उत्तरे काढली. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने बंदुकीच्या नळ्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. लोखंडाची पट्टी पिळून, सांधा एकावर एक चढवून नळी कशी मजबूत केली जाई, आणि बैलाच्या चाकावर एकाच वेळी सोळा नळ्या कशा साफ केल्या जात, हे त्यात वाचायला मिळते. आधीच्या पद्धतीच्या नळ्या फुटून अपघात होत, हेही तो नोंदवतो. आपल्याकडच्या काही तोड्याच्या बंदुकांत बुडाला आटे नसतातच. तापवलेला लोखंडी गट्टू ठोकून, नळीशी एकजीव करून बूड बंद केलेले असते. अशा नळीच्या मागच्या बाजूला पान्हा लावून जोर देणारा माणूस मुळात नसलेला पेच फिरवत असतो. नळी तडकते नाहीतर पिळवटते आणि दोनशे-तीनशे वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारी वाया जाते. बाहेरून पाहून आत आटे आहेत की ठोकलेला गट्टू आहे हे ओळखणे जाणकारालाही नेहमी जमत नाही.

पेच खरोखर आट्यांचा असला, तर त्याच्यावर किती भार येतो याचा हिशेब करून पाहावा. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीच्या नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर. आत वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाब झाला असे धरले, तर पेचाच्या तोंडावर क्षणभरात सुमारे १,२०० किलोचा धक्का बसतो. हा हिशेब पेचाचे तोंड नळीच्या आतल्या कडेला घट्ट टेकलेले असते तेव्हाचा आहे. ते केसभर जरी मागे राहिले, तर तापलेला वायू त्या फटीतून आट्यांपर्यंत पोचतो आणि दाब पेचाच्या पूर्ण जाडीवर पडतो. आट्यांचा व्यास १९ मिलिमीटर धरला, तर तोच धक्का दोन टनांवर जातो. त्यात हा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. थोडेच आटे त्याचा मोठा हिस्सा पेलतात. म्हणून पाच-सात आटे चांगले दिसतात, एखाददुसरा झिजला तर काय बिघडले, हा तर्क इथे चालत नाही. पेच सुटला तर तो मागे उडतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

आता गंजाचे पाहू. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे साधारण ७५, १५ आणि १० टक्क्यांचे मिश्रण. ती जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राख म्हणून मागे राहतो. त्या राखेतले पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. ही ओलसर राख आट्यांच्या फटीत शिरली की तिथे फडके पोचत नाही, हवा खेळत नाही आणि गंज वर्षानुवर्षे आतल्या आत पसरतो. आपल्या घरांतल्या एका सवयीने त्यात भर पडते: बंदूक दस्ता खाली आणि तोंड वर करून कोपऱ्यात उभी करणे. नळीत सोडलेले तेल, पावसाळ्यातला दमटपणा आणि सुटा गंज सगळे उतरून बुडाशी साचते. त्यामुळे बाहेरून काळीभोर, ठणठणीत दिसणाऱ्या नळीचे आटे आतून भुसभुशीत झालेले असू शकतात. असा पेच फिरवला की गंजाबरोबर आटेही सोलून निघतात, आणि मग जुना पेच परत बसवता येत नाही, नवा धरायला नळीत काही उरलेले नसते.

यावर लेथवाला म्हणेल की नळीतले आटे मोठ्या मापाने पुन्हा पाडू आणि जाड पेच बसवू. यंत्रकामाच्या दृष्टीने सूचना सुचण्यासारखी आहे, पण ती दोन गोष्टी गृहीत धरते. पहिली म्हणजे माप. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे प्रमाण ठरवायची सूचना १८४१ साली मांडली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे, कधी कधी प्रत्येक कारागिराचे आटे वेगळे असत. बाजारातला टॅप आणि डाय जुन्या आट्यांना जुळत नाहीत, म्हणजे जुने कापून काढणे आले आणि नळीची भिंत तिथेच पातळ झाली, जिथे दाब सर्वांत जास्त असतो. दुसरी गोष्ट धातूची. या नळ्या आजच्या ओतीव पोलादाच्या नाहीत. लोखंडाची पट्टी सळईभोवती वळवून, तापवून, घणाने सांधून त्या घडवलेल्या आहेत. सांध्याची रेघ नळीच्या लांबीभर किंवा पिळाने गेलेली असते आणि तिच्यात कीट अडकलेले असू शकते. अशा भिंतीत नवे आटे कापले की ते सांध्याला आडवे जातात. टोपीच्या बंदुकांत आणखी एक अडचण असते. ज्या बाजूच्या नळकांड्यावर टोपी बसते, त्याचे टोक कधी कधी बुडाच्या पेचात घुसलेले असते. ते आधी न काढता पेच फिरवला, तर दोन्हींचे आटे एकमेकांना कापतात. हेन्री नॉकने १७८७ साली पेटंट घेतलेल्या बुडासारख्या रचनेत तर पेचाच्या पोटातच दारूची छोटी कोठी असते. तिथे पेच म्हणजे नुसते बूच नाही, दारू पेटण्याची सगळी मांडणीच त्यात आहे.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे, आणि तो विचारायचा राहून जातो: बंदूक भरलेली आहे का? घराण्यातल्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच ठेवलेल्या असत, कारण रानडुक्कर शेतात शिरल्यावर दारू मोजत बसायला वेळ नसे. काळी दारू कोरडी राहिली तर तिचा जोर काळाने जात नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वर्षानुवर्षे प्रदर्शनात राहिलेली एक तोफ जानेवारी २०१३ मध्ये गंज काढायला घेतली, तेव्हा तिच्यात लोकरी कापडात बांधलेली सुमारे ८०० ग्रॅम दारू आणि गोळा निघाला. १७८० साली बुडालेल्या हुसार या ब्रिटिश युद्धनौकेवरची ती तोफ होती. कामगारांनी हात थांबवून पोलिसांना बोलावले म्हणून अनर्थ टळला. २००८ साली व्हर्जिनियात अमेरिकी यादवी युद्धातला तोफगोळा निकामी करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. अडकलेला पेच सैल व्हावा म्हणून गॅसच्या ज्योतीने बूड तापवणे ही वर्कशॉपमधली नेहमीची युक्ती आहे. भरलेल्या नळीवर ती केली तर बार उडतो.

म्हणून बंदूक हाती आली की आधी तिचे तोंड अशा दिशेला करावे जिथे माणूस, गुरे किंवा शेजारचे घर नाही. चाप आणि घोडा यांना हात लावू नये. टोपी बसवायच्या जागी तांब्याची बारीक टोपी चिकटलेली दिसली, तर ती उचकटू नये. तिथेच थांबून पोलिसांना कळवावे. टोपी नसेल तर नळीपेक्षा लांब, नळीत सैल जाणारी सरळ लाकडी काठी घ्यावी, लोखंडी सळई नको. नळीच्या तोंडासमोर चेहरा किंवा तळहात न आणता, बाजूला उभे राहून काठी हलकेच आत सरकवावी आणि तोंडाशी खूण करावी. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तेच माप लावावे. काठीचे टोक कानापर्यंत किंवा त्याच्या जरा मागे पोचले, तर नळी रिकामी असण्याचा संभव आहे. ते कानाच्या दोन-तीन बोटे पुढेच थांबले, तर आत काहीतरी आहे: दारू आणि गोळी असेल, चिंध्या असतील, कुंभारमाशीचे घर असेल, नाहीतर गंजाचा खच. नॉकच्या धर्तीच्या बुडात कोठी अरुंद असल्याने रिकाम्या नळीतही काठी आधीच अडते. थोडक्यात, ही तपासणी संशय पक्का करू शकते, पण तो पूर्ण घालवू शकत नाही. शंका उरली की बंदूक भरलेली आहे असेच धरावे आणि दारू काढण्याचा, पाणी ओतण्याचा, ड्रिल मारण्याचा कोणताही प्रयोग न करता ठाण्याला कळवून बॉम्बशोधक पथकाची मदत मागावी.

कायद्याची बाजू हौशी माणसाला सर्वांत कमी माहीत असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात. कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे किंवा तिची चाचणी घेणे मना आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. घरच्या लेथवर बुडाचा पेच पाडणे या कलमाच्या बाहेर राहते असे समजणे धोक्याचे आहे. कलम ४५ मध्ये जुन्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्यारांना सवलत आहे, पण तिची अट नीट वाचावी: दुरुस्ती करून किंवा न करताही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच ती सवलत. बूड नसलेली, कान बुजलेली गंजकी नळी या सवलतीत बसू शकते. तिला नवा पेच बसवला, की वारसा म्हणून भिंतीवर लावलेली वस्तू त्याच दिवशी विनापरवाना बंदूक होऊ शकते. दुरुस्तीने तिचे मूल्य वाढेल या आशेने माणूस काम करतो आणि नेमका त्याच कामाने कायद्याचा आधार घालवून बसतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. अमेरिकेत लोक घरच्या घरी अशा बंदुका बांधतात, तिथे तयार नळ्या आणि पेच विकत मिळतात, मग इथेच एवढा बाऊ का? तिथे हे चालते हे खरे आहे. १९६८ च्या तिथल्या संघीय कायद्याने १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि ठासणीच्या बहुतेक प्रतिकृती ‘फायरआर्म’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. पण त्या छंदात वापरली जाते ती नवी नळी: माहीत असलेल्या पोलादाची, ठरलेल्या आट्यांची. आपल्या माळ्यावरची नळी कोणत्या लोखंडाची, किती वेळा उडवलेली, किती पावसाळे ओलीत राहिलेली हे कुणालाच सांगता येत नाही. त्या छंदातले जाणते लोकही जुन्या नळ्या उडवण्याविरुद्ध सावध करतात. आपल्याकडे कायदा वेगळा आहे आणि वस्तू वेगळी आहे. म्हणून तिथला दाखला इथे लागू होत नाही.

दुसरा आक्षेप परवानाधारकाचा. त्याची बंदूक कायदेशीर आहे, शेतीच्या राखणीला तिचा उपयोग आहे, मग ती दुरुस्त करू नये का? त्याने जरूर करावी, पण दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडूनच, कागदावर नोंद करून. पेच बदलण्याइतकी नळी खराब झाली असेल, तर ती बंदूक निवृत्त करणे हाच माझ्या मते योग्य निर्णय आहे. तिसरा आक्षेप मिरवणुकीतल्या बारांचा: गोळी नाही, नुसती दारू, मग धोका कसला? गोळी नसली तरी दारू पेटते आणि बुडावर दाब येतोच; वर कागदाचा नाहीतर चिंधीचा बोळा कच्चून ठासला की तो दाब वाढतो. भोवती गर्दी असते, त्यात मुले असतात. गंजलेल्या पेचाची परीक्षा घ्यायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

मग करायचे काय? नळी रिकामी असल्याची खात्री जाणकाराने दिल्यावर तिची सफाई पुढूनच करता येते. लाकडी काठीला कोरडे सुती फडके गुंडाळून सुटा गंज बाहेर आणावा, नंतर हलक्या यंत्रतेलाचा पुसट हात द्यावा आणि जादा तेल टिपून घ्यावे. लिंबू, चिंच, ॲसिड, काचपेपर किंवा फिरते तारेचे ब्रश यांपैकी काहीही वापरू नये. गंज चकाकवून काढताना त्याखालची कारागिराची मोहर, संस्थानचा छाप किंवा कोफ्तगिरीची नक्षीही निघून जाते, आणि वस्तूची ओळख तिथेच असते. बाहेरून मऊ फडक्याने पुसून संग्रहालयांत वापरतात तसल्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर दिला तर पुरे. घामाचे मीठ लोखंडाला लागते, म्हणून हातमोजे घालावेत. कातडी म्यानात किंवा मखमलीच्या पिशवीत बंदूक ठेवू नये, कारण दोन्ही ओलावा धरतात. ती आडवी, नाहीतर तोंड किंचित खाली करून, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावी. कोकणात पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर काही आठवड्यांनी वाळवाव्यात. आत गंज वाढत राहील म्हणून पेच खोलायलाच हवा, ही भीती यामुळे निराधार ठरते. ओलावा थांबवला की गंज थांबतो, आणि आट्यांत आधीच झालेले नुकसान पेच खोलून भरून येत नाही.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे परदेशी स्थायिक झालेल्या भावंडांनाही सांगून ठेवावे. जतनाचा सल्ला हवा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे कशी मांडली आणि ठेवली आहेत तेही पाहता येते. घरातल्या बंदुकीचे कागद सापडत नसतील, तर तिचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल जे आठवते ते लिहून घ्यावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत, किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, चौकशी करावी. बंदूक हातात घेऊन थेट ठाण्यात जाऊ नये. आधी फोन करून कळवावे आणि सांगतील तसे करावे. ताबा कायदेशीर राहिला नसेल, तर विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करण्याची वाट कलम २१ ने दिलेली आहे. ही चौकशी आपण होऊन, आणि पेचाला कुणाचा पान्हा लागण्याआधी करा.